जुनी सफारी, चौघांचे कुटुंब आणि रानातला मुक्काम

पावसाळा ओसरला, की शहरी घरांमध्ये बाहेरगावच्या मुक्कामाचे बेत शिजू लागतात. हॉटेलच्या खोलीपेक्षा धरणाच्या काठावर किंवा एखाद्या गावकऱ्याच्या माळावर तंबू ठोकून राहण्याची हौस अलीकडे अनेक कुटुंबांना लागली आहे. तिथपर्यंत पोहोचणारी वाट बहुधा कच्ची असते. नवी फोर बाय फोर एसयूव्ही मध्यमवर्गीय खिशाला परवडत नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे जुनी, दणकट, मोठी गाडी घ्यावी आणि ती आपल्या गरजेप्रमाणे 'बांधून' घ्यावी, हा विचार स्वाभाविक ठरतो. मात्र या व्यवहारात पैसे चुकतात ते बहुधा गाडी निवडताना कमी आणि ती बांधताना जास्त.

मराठी ग्राहकाच्या नजरेसमोर अशा वेळी सर्वप्रथम येते ती पुण्यात तयार झालेली टाटा सफारी. १९९८ मध्ये ही गाडी बाजारात आली. २००५ मध्ये तिला तीन लिटरचे डायकोर इंजिन मिळाले, तर २००७ मध्ये १४० अश्वशक्तीचे २.२ लिटरचे. २०१२ मध्ये 'सफारी स्टॉर्म' आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१७ मध्ये भारतीय लष्कराने ३,१९२ स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदवली होती, यावरून तिच्या अंगच्या ताकदीची कल्पना यावी. २०२१ मध्ये याच नावाने पुन्हा आलेली गाडी मात्र वेगळ्याच कुळातील आहे. तिला स्वतंत्र चॅसी नाही आणि फोर बाय फोरची सोयही नाही. जाहिरातीत केवळ 'सफारी' एवढेच वाचून धाव घेणाऱ्याने वर्ष आधी विचारावे.

पर्याय इतरही आहेत. २००२ मध्ये नाशिकहून निघालेली महिंद्रा स्कॉर्पिओ आकाराने थोडी लहान असली, तरी तिचे सुटे भाग गावोगावी मिळतात आणि आडरानात तीच मोठी जमेची बाजू ठरते. २००९ ची टोयोटा फॉर्च्युनर टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिची जुनी किंमतही लवकर खाली येत नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे एन्डेव्हर तुलनेने स्वस्तात मिळाली, तरी भाग मिळवण्याची तयारी ठेवूनच ती घ्यावी.

फोर बाय फोर हवीच का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक विक्रेते 'हो' असे देतात. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. दिवाळी ते मे या काळात सह्याद्रीच्या पायथ्याच्या बऱ्याचशा वाटा चांगले टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची असलेली मागील चाकांवर चालणारी गाडीही पार करते. पहिल्या पावसानंतर देशावरच्या काळ्या मातीत चित्र पालटते. ही माती टायरच्या खाचांत भरून राहते, चाक गुळगुळीत होते आणि दोन टनांची गाडी जागच्या जागी फिरू लागते. चारही चाकांना शक्ती मिळाली, तरी अशा मातीत गाडी निघेलच याची खात्री नसते. अशा वेळी सर्वांत शहाणा निर्णय परत फिरण्याचा असतो.

कुटुंबासाठी फोर बाय फोरचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरताना होतो. 'फोर लो' या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि तीव्र, निसरड्या उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता माणसाच्या चालीने खाली येता येते. मागे मुले बसलेली असताना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. सफारीत ही व्यवस्था गरजेपुरती वापरायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर जोडून गाडी वळवली, तर पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातील फरक सामावला जात नाही आणि ताण ट्रान्स्फर केसवर येतो. आधीच्या मालकाने ही चूक वर्षानुवर्षे केली असेल, तर त्याची किंमत नव्या मालकाला मोजावी लागते.

मागच्या दारावर 'फोर बाय फोर' अशी अक्षरे चिकटवलेली असणे हा पुरावा नव्हे. वाकून पाहावे. पुढच्या आसाकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि पुढचे डिफरन्शियल दिसले पाहिजे. मग मातीच्या मोकळ्या जागेवर 'फोर लो' जोडून गाडी पुढे-मागे चालवावी. दिवा लुकलुकतच राहिला किंवा खडखड ऐकू आली, तर तो व्यवहार तेथेच थांबवलेला बरा.

गाडीच्या पोटाखाली

जुनी गाडी पाहणारा माणूस रंग, आसने आणि संगीतयंत्रणा पाहतो. रानात न्यायच्या गाडीची तपासणी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर, खालून सुरू व्हावी. या गाड्यांचा सारा भार शिडीसारख्या लोखंडी चॅसीवर असतो. मुंबई आणि कोकणातील खारी हवा तिला आतून खाते. मागच्या सस्पेन्शनचे दांडे जेथे चॅसीला जोडले जातात, तेथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेले, तर इंजिन कितीही गोड चालत असो, ती गाडी घेऊ नये. ताज्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला, तर संशय वाढवावा. चॅसीवर ठोकलेला क्रमांक स्पष्ट वाचता येतो ना, हेही तेव्हाच पाहावे. तो गंजला असेल, तर आरटीओत गाडी अडते.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण या प्रत्येक पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून अशी गाडी बाजारात आली, तरी काही खुणा लपत नाहीत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला, की त्यावर गाळाची रेघ दिसते. आसनाखालचे रूळ गंजलेले असतात. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलमधील तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर पाणी आत शिरले होते असे समजावे.

स्टॉर्मची स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते. ती उतरवणारी यंत्रणा गंजून अडकलेली असू शकते. खरेदीपूर्वी ती एकदा खाली उतरवून दाखवायला सांगावे. चिखलात, अंधारात, हा प्रयोग प्रथमच करण्याची वेळ येऊ नये.

कागदपत्रांतील वर्षाचाही हिशेब हवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०१२ अखेरीस नोंदवलेली पहिली स्टॉर्म २०२७ मध्ये या उंबरठ्यावर येते, हे लक्षात ठेवूनच भाव करावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली आणि तेथील गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीत काही सवलत दिली. अशी गाडी घेताना तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर मिळवून मगच ती खरोखर स्वस्त आहे का, हे ठरवावे.

वजनाचे गणित

गाडी घरी आली, की खरी परीक्षा सुरू होते. छपरावर उघडणारा तंबू, लोखंडी बंपर, विंच, दिव्यांची पट्टी ही सामग्री छायाचित्रांत रुबाबदार दिसते. तिचे वजन मात्र छायाचित्रात दिसत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. आई, वडील आणि दोन वाढत्या वयाची मुले मिळून २४० किलो धरू. पिण्याचे व वापरायचे पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. भरलेला छोटा फ्रिज ३०, शेगडी व भांडीकुंडी ३०, कपडे व अंथरूण-पांघरूण ५०, हत्यारे, जॅक व दोर २५. इथपर्यंत ४१५ किलो झाले. आता हौसेचे सामान: छपरावरचा सांगाडा ४०, त्यावरील तंबू ६०, लोखंडी बंपर ६०, विंच ४०, दुसरी बॅटरी ३०, दुसरी स्टेपनी ३०. हे २६० किलो झाले, म्हणजे संपूर्ण कुटुंबाच्या वजनाहून अधिक! एकूण भार पावणेसातशे किलो. या वर्गातील गाड्यांची भारक्षमता साधारण पाचशे ते सातशे किलोच्या घरात असते. नेमका आकडा गाडीवरील पट्टीवर आणि पुस्तिकेत दिलेल्या कमाल वजनातून गाडीचे स्वतःचे वजन वजा करून काढावा.

मर्यादेपलीकडच्या भाराचा परिणाम सपाट रस्त्यावर जाणवत नाही. तो घाट उतरताना जाणवतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या तेलात पाणी मुरलेले असते. ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल पोकळ लागते. छपरावर शंभर किलो असतील, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. चौघांच्या कुटुंबाने जमिनीवर ठोकायचा पंधरा किलोचा तंबू घ्यावा, हा सल्ला कोणत्याही दुकानात मिळणार नाही. पण तोच योग्य आहे. तो लावून ठेवून गाडीने जवळच्या गावात दूध आणायला जाता येते, ही सोय वेगळीच.

कायद्याची बाजूही याच दिशेने झुकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. इंजिन बदलणे किंवा गाडी उचलून मोठी चाके बसवणे याआधी आरटीओत लेखी विचारणा केलेली बरी. अपघात झाल्यास विमा कंपनीही हेच विचारते.

मग पैसा कोठे घालावा? प्रथम गाडीच्या म्हातारपणावर. गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. सर्व तेले, ब्रेक ऑइल, रेडिएटरचे पाइप, पट्टे, सस्पेन्शनचे बुश आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर आधी बदलावेत. त्यानंतर टायर. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचा जन्म सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर खाच कितीही खोल असली, तरी रानात नेऊ नये. स्टॉर्मच्या मूळ २३५/७० आर १६ या मापातच माती-डांबर दोन्हींसाठीचे टायर घेतले, तर कायदा आणि गिअर दोन्ही बिघडत नाहीत. सोबत हवेचा मापक आणि बॅटरीवर चालणारा पंप हवा. वाळूत टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली, की गाडी तरते. परतताना ती पुन्हा भरावीच लागते.

अडकलेली गाडी ओढण्यासाठी चॅसीला बोल्टने घट्ट बसवलेला हूक आणि भारक्षमता छापलेला पट्टा घ्यावा. शिंगाळ्यासारखा मागे बसवलेला गोळा किंवा बंपरची पट्टी ओढण्यासाठी नसते. ती तुटून गोळीसारखी येते. ओढताना मुलांना पट्ट्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभे करावे.

सफारीच्या मागील आडव्या आसनांवर कच्च्या रस्त्याने मुलांना बसवू नये. ती जागा सामानाची. सामान जाळीने किंवा पट्ट्यांनी बांधलेले असावे, अन्यथा अचानक ब्रेक लागला की डबे डोक्यावर येतात. दुसऱ्या बॅटरीची तार बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूजमधून न्यावी. गाड्यांना लागणाऱ्या आगींमागे उघडी, घासलेली तार हे जुनेच कारण आहे. गाडीत झोपायचे असेल, तर इंजिन बंद आणि काच दोन बोटे उघडी. बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तयार गाडी घेऊन कोठे जावे, हा प्रश्न उरतोच. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना शिरता येत नाही. कातळसड्यांवरून चाके फिरवली, तर पावसात फुलणारी इवलीशी रोपे वर्षानुवर्षे परत येत नाहीत. कोकणातील पुळणीवर गाडी नेण्याचा मोहही आवरावा. वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी वाळूतच असतात, आणि भरतीने गिळलेल्या गाडीची छायाचित्रे दर हंगामात वर्तमानपत्रांत येतात. गावकऱ्याला विचारून, त्याच्या शेताच्या बांधावर, चार पैसे देऊन केलेला मुक्काम सर्वांत निर्धास्त.

पहिली सहल एकाच रात्रीची आणि घरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आतली ठेवावी. निघताना पूर्ण भरलेली गाडी, माणसांसह, महामार्गावरील एखाद्या वजनकाट्यावर उभी करावी आणि पावतीवरचा आकडा कमाल वजनाशी ताडून पाहावा. तो जास्त भरला, तर पहिल्यांदा छपरावरचे सामान उतरवावे. परत आल्यावर गाडी धुऊन पुन्हा खड्ड्यावर घ्यावी आणि चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट व स्टेपनीची साखळी पाना लावून तपासावी.