अंगाचे शब्द (लेखांक ७) : पायातलं पोट

तुयेत आमच्या वाड्यावरच्या एका काकींचा पाय गेल्या पावसात शेताच्या बांधावरून घसरला आणि पोटरीत कळ उठली. सोनोग्राफीच्या कागदावर लांबलचक शब्द होता : गॅस्ट्रॉक्नीमियस. मुलीने त्यातलं 'गॅस्ट्रो' तेवढं ओळखलं. पावसाळ्यातला गॅस्ट्रो कोणाला माहीत नाही? दुखणं पोटातही उतरलं या धास्तीने तिने आईला दोन दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो कागद माझ्याकडे आला. मुलगी चुकली होती, पण शब्दातलं पोट तिने बरोबर ओळखलं होतं.

ग्रीक भाषेत 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'क्नीमे' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. गॅस्ट्रॉक्नीमियस म्हणजे पायाचं पोट. इंग्रजी शरीरशास्त्रात कुठल्याही स्नायूच्या फुगीर मधल्या भागाला 'बेली' म्हणजे पोटच म्हणतात. आता आपला शब्द पाहा : पोटरी. त्यातही पोट आहेच. जे ग्रीकांना दिसलं, तेच चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्या आपल्या माणसांनाही दिसलं होतं.

चवड्यांवर उभे राहा आणि पोटरीला हात लावा. दोन उंचवटे लागतील; आतल्या बाजूचा जरा मोठा आणि थोडा खाली उतरलेला. हीच गॅस्ट्रॉक्नीमियसची दोन शिरं. ती मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला सुरू होतात. त्यांच्याखाली 'सोलियस' नावाचा चपटा स्नायू असतो. दोघे मिळून एका जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

बोलीभाषेतल्या इंग्रजीत पोटरीला 'काफ' म्हणतात. वासरालाही तोच शब्द, तेच स्पेलिंग, आणि त्यातला 'एल' उच्चारात येत नाही. पायाचा 'काफ' मात्र जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. रोजच्या इंग्रजीत 'लेग' म्हणजे अख्खा पाय, पण शरीरशास्त्रात गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग. त्याच्या वरची ती 'थाय', म्हणजे मांडी.

आपली पोटरी मात्र शेतातही आहे. चवथीच्या सुमारास पावसाळी भात पोटरीला येतं. वरच्या पानाचा देठाभोवतीचा वेढा फुगतो, त्याच्या आत कणीस वाढत असतं. बोटांनी हलकेच दाबलं तर ते हाताला लागतं. या दिवसांत शेतातलं पाणी तुटलं तर दाणा भरत नाही. इंग्रजीत या अवस्थेला 'बूट' म्हणतात. त्यांनी पायातलं पादत्राण घेतलं, आपण पाय घेतला. आणि स्नायू आखडला की आपण म्हणतो, पोटरीत गोळा आला. पोटातही गोळाच येतो. इतका हा शब्द पोटाशी बांधलेला आहे.

हा शब्द नेमका वापरणं जिवाशी निगडित आहे, म्हणून एवढं सांगतो आहे. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या जखमांतून अंगात शिरतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप चढतो, डोकं ठणकतं आणि पोटऱ्या एवढ्या दुखतात की हात लावू देववत नाही. अशा वेळी इस्पितळात जाऊन नुसतं "पाय दुखतात" म्हटलं, तर ते दिवसभराच्या कष्टाचं दुखणं वाटू शकतं. "ताप आहे, पोटऱ्या दुखतात आणि मी शेतातल्या पाण्यात होतो," असं सांगितलं तर डॉक्टरांना नेमका धागा हाती लागतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तरीही थांबू नका. आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

काकी आता हिंडू-फिरू लागल्या आहेत. मुलीने तो कागद जपून ठेवलाय. 'गॅस्ट्रॉक्नीमियस'च्या शेजारी तिने पेनाने लिहिलंय : पोटरी. प्रत्येक घरात अशी एक वही असावी, एका बाजूला कागदावरचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला आपला.

(पुढच्या आठवड्यात : नडगी. लॅटिनमध्ये नडगीचं हाड आणि बासरी यांना एकच नाव का?)