दुप्पट आणि दुप्पट म्हणजे तिप्पट

लेखमाला : फाशांचं गणित – भाग ६

मागच्या आठवड्यात आपण फाशांची सरासरी काढली. सहा बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून दहा फाशांची ३५. आज त्याच्या पुढे जाऊ. खेळातल्या मंत्राची ताकद वाढवणाऱ्या दोन गोष्टी एकदम लागू झाल्या, तर नुकसान किती मोजायचं? अकोल्यात किंवा अमरावतीत चार मित्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसले, की हा वाद कधी ना कधी निघतोच.

“काहून बे? दुप्पट आन् दुप्पट म्हंजे चौपटच ना!”

“पुस्तकात तं तिप्पट लिवलं हाये.”

पुस्तकात खरोखरच तसं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याची तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ साली तिची सुधारलेली, ‘साडेतीन’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती निघाली. तिच्यातला नियम असा : पहिला गुणक जसाच्या तसा घ्या, पुढच्या प्रत्येक गुणकातून एक वजा करा आणि उरेल ते पहिल्यात मिळवा. दोन दुपटी आल्या तर २ + १ = ३. दोन तिपटी आल्या तर ३ + २ = ५. घोडा दौडवत लांब भाल्याने वार करणाऱ्या तरबेज स्वाराला तिप्पट नुकसान मिळतं. तोच वार वर्मी बसला, तर त्या भाल्याची आणखी एक तिप्पट असते. अशा वेळी एकूण पाचपट धरायची, नऊपट नाही.

यामागचं तत्त्व सोपं आहे. वाढ मूळ आकड्यावर मोजायची, वाढलेल्या आकड्यावर नाही. मूळ १०० असेल तर एक दुप्पट म्हणजे १०० ची भर आणि दोन दुपटी म्हणजे २०० ची भर. एकूण ३००.

अमरावतीच्या कापडबाजारात सेलच्या दिवसांत ‘५०% + २०% सूट’ अशी पाटी दिसली, की आपण मनात ७०% धरतो. दुकानदार १,००० रुपयांच्या साडीचे आधी ५०० करतो, मग त्या ५०० वर २०% सोडतो आणि बिल ४०० चं होतं. म्हणजे सूट ६०%. तिथे गिऱ्हाईक बेरीज करतं आणि दुकान गुणाकार करतं. खेळात याच्या उलट घडतं : खेळाडू गुणाकार करून बसतो आणि पुस्तक बेरीज सांगतं.

आता ‘फायरबॉल’ हा प्रसिद्ध मंत्र घेऊ. साडेतीन आवृत्तीत तो तिसऱ्या लेव्हलचा आहे. मांत्रिकाच्या दर लेव्हलला एक फासा मिळतो, पण दहाच्या वर नाही. ‘एम्पॉवर’ हे कौशल्य वापरलं, की फाशांवर आलेल्या बेरजेची दीडपट होते आणि मंत्रासाठी दोन लेव्हल वरच्या मंत्राची जागा खर्ची पडते. ‘मॅक्सिमाइज’ वापरलं, तर प्रत्येक फासा सहाच धरायचा, म्हणजे दहा फाशांचे सरळ ६०. त्याला तीन लेव्हल वरची जागा लागते.

दोन्ही एकदम लावली तर? ६० ची दीडपट ९०, असं उत्तर चटकन तोंडात येतं. नियम ते नाकारतो. मॅक्सिमाइजचे ६० घ्या, मग एम्पॉवरच्या वाट्यासाठी फासे टाका आणि जी बेरीज येईल तिचं निम्मं त्यात मिळवा. फाशांवर ३४ आले तर १७ ची भर पडून ७७ होतात. ४१ आले तर निम्मे साडेवीस. या खेळात अपूर्णांक खालच्या बाजूला सोडतात, म्हणून ८०. ९० गाठायचे तर दहाही फाशांवर सहा पडायला हवेत. दोन्ही कौशल्यं मूळ मंत्रालाच लागू होतात, एकमेकांना नाही. खर्च मात्र पुरता वसूल होतो : ३ + २ + ३ म्हणजे आठव्या लेव्हलची जागा.

याच नियमाला एक सुंदर अपवाद आहे. वजन आणि अंतर यांसारख्या खऱ्या जगातल्या मापांना नेहमीचं गणित लागू होतं. एखाद्या प्राण्याची उंची-लांबी-रुंदी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. मग तो दगड झाला आणि वजन आणखी तिपटीच्या आसपास गेलं, तर एकूण चोवीसपट धरायची, दहापट नाही. फाशांच्या आकड्यांना खेळाचा तोल सांभाळायचा असतो, वजनाला निसर्गाचा हिशेब पाळावा लागतो. हा फरक ओळखून नियम लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तोल का सांभाळायचा, हे पाच दुपटी घेतल्या की कळतं. गुणाकार केला तर ३२ पट, वाढींची बेरीज केली तर ६ पट आणि फक्त सगळ्यात मोठी वाढ धरली तर २ पट. ३२ पटीच्या टेबलावर एकच मांत्रिक लढाई संपवतो आणि बाकीचे तिघे बघत बसतात. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने बऱ्याच ठिकाणी तिसरी वाट धरली. एकाच मंत्राचा परिणाम दोनदा लागू झाला तर प्रभावी असेल तोच धरायचा. आगीपासून संरक्षण दोन ठिकाणांहून मिळालं, तरी नुकसान एकदाच निम्मं करायचं. क्रमही ठरलेला आहे : आधी वजाबाकी, मग निम्मं. २५ चं नुकसान, ५ ची सूट आणि निम्मं करणारं संरक्षण असेल, तर २० चे निम्मे १०. क्रम उलटला तर २५ चे निम्मे १२, त्यातून ५ गेले की ७. आकडे तेच, उत्तर वेगळं.

वाढ कशावर मोजायची, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी नेमकेपणाने मांडला गेला आहे. अकोल्याहून मुंबईच्या गाडीत बसलं, की भुसावळ-जळगाव मागे टाकल्यावर चाळीसगाव लागतं. तिथून जवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त भागानुबंध नावाचं एक प्रकरण येतं. त्यातल्या एका उदाहरणात पाव घेऊन त्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा, मग जे होईल त्यात त्याचंच निम्मं मिळवायचं. उत्तर बरोबर अर्धा. दोन्ही वाढी मूळ पावावर मोजल्या असत्या, तर ११/२४ आलं असतं. इथे वाढ वाढलेल्यावर मोजायची आहे, हे ‘त्याचंच’ म्हटल्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

आपल्या भागातली मुलं आता स्वतःचे खेळ रचू लागावीत, असं मला फार वाटतं. वऱ्हाडातल्या गडांवर, जत्रांवर, मेळघाटच्या जंगलावर बेतलेले खेळ आपणच लिहायला हवेत. तसा खेळ लिहिताना पहिल्याच पानावर चार गोष्टी नोंदवा : वाढ मूळ आकड्यावर की वाढलेल्यावर, एका जातीच्या दोन वाढी चालतात की नाही, आधी मिळवायचं की आधी गुणायचं, आणि अपूर्णांक कुठे सोडायचा. एवढं लिहिलं की पुढचे निम्मे वाद उठणारच नाहीत.

या आठवड्याचं गणित : एका मंत्राला एक दुप्पट, एक तिप्पट आणि एक दीडपट एकदम लागू झाली आहे. साडेतीन आवृत्तीच्या नियमाने एकूण किती पट? साध्या गुणाकाराने किती? दोन्ही उत्तरं काढून ठेवा. पुढच्या भागात वर्मी वार बसण्याची शक्यता मोजू, तेव्हा ती लागतील.