वाटीभर पाणी, शंभर वर्षांचं इमान

अता शाद (1939–1997) हे पाकिस्तानातल्या बलुचिस्तान प्रांताचे, बलुची आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत स्वतःची शैली घडवणारे कवी. मार्च 2025 मध्ये तिथे जाफर एक्स्प्रेस या रेल्वेगाडीचं अपहरण झालं, तेव्हा बलुचिस्तान मराठी वर्तमानपत्रांच्याही पहिल्या पानावर आला. त्या बातम्यांत स्फोट होते, आकडे होते. तिथला माणूस कसा जगतो, हे शाद यांच्या कवितेत सापडतं.

त्यांचं मूळ बलुचिस्तानातल्या मकरान भागात, केच खोऱ्यात, तुर्बतजवळ. सस्सी-पुन्नूच्या प्रेमकथेतला पुन्नू याच मुलखातला. खजुरीच्या बागा, कारेझ नावाच्या भुयारी पाटांवर पोसलेली शेती आणि जीवघेणं ऊन. 28 मे 2017 रोजी तुर्बतमध्ये 53.7 अंश तापमान नोंदलं गेलं.

बलुची कविता शतकानुशतकं गायकांच्या मुखी राहिली. छापील संग्रहांची परंपरा गुल खान नसीर यांच्या ‘गुलबांग’पासून (1951) धरतात. नसीर यांची कविता राजकीय आवाहनाची, सय्यद जहूर शाह हाशमी यांचा आग्रह निर्भेळ बलुचीचा. शाद तिसऱ्या वाटेने गेले. बलुचीत त्यांनी मुक्तछंद रुजवला. रेडिओ पाकिस्तानात नोकरी केली आणि बलुची लोकगीतं उर्दूत आणली. त्यांची शैली घडली ती या अनुवादाच्या कामात, असं त्यांच्या नज्म, म्हणजे एका विषयावर बांधलेल्या कविता, वाचताना जाणवतं.

याचा उत्तम दाखला म्हणजे वफेवरची, अर्थात निष्ठेवरची उर्दू नज्म. ज्याच्या घरचं वाटीभर पाणी प्यायलो, त्याच्याशी शंभर वर्षं इमान राखायचं, ही बलुची म्हण तिचा कणा आहे. पाण्याला मोताद असलेल्या मुलखात घोटभर पाणी देणं म्हणजे आपल्या जगण्यातला वाटा देणं. म्हणून त्याचं ऋण पिढ्यांवर चढतं. बाग, बुलबुल, साकी यांत रमलेल्या उर्दू कवितेत शाद यांनी दगड, कोरडे ओढे, बर्फ आणि तहान आणली. ‘संगाब’ आणि ‘बर्फाग’ या संग्रहांत हे सगळं शोभेपुरतं येत नाही. कवितेचा विचारच त्यातून पुढे सरकतो. फारसी समासांची दाटी कधी कधी वाचकाला अडवते, हेही खरं. गझलेपेक्षा त्यांची नज्म सरस आहे.

‘रेख्ता’ या उर्दू साहित्याच्या संकेतस्थळावर त्यांच्या काही उर्दू रचना देवनागरीत आहेत. मराठी वाचकाने त्या जरूर वाचाव्यात आणि अनुवादकांनी शाद यांच्या बलुची कवितेकडेही वळावं.