अर्जांच्या ढिगाऱ्यातले वकील

सरकारी वकील म्हटला की उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेच्या न्याय खात्यातले जॉन डोर आणि त्यांचे सहकारी मात्र 1960 नंतरची काही वर्षं मुख्यतः अर्ज वाचत होते. मतदार नोंदणीचे.

1957च्या नागरी हक्क कायद्याने मतदानाच्या हक्कासाठी केंद्र सरकारला दावा लावता येऊ लागला आणि त्यासाठी न्याय खात्यात स्वतंत्र विभाग निघाला. पण पुरावा कुठून आणायचा? कृष्णवर्णीयांना मतदान करू देऊ नये असं मिसिसिपीच्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे होती परीक्षा. 21 प्रश्नांचा अर्ज भरायचा, राज्यघटनेच्या 285 कलमांपैकी नोंदणी अधिकारी सांगेल ते कलम उतरवायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. पास-नापास सर्वस्वी साहेबाच्या मर्जीवर. गोऱ्यांना अनेकदा तिसावं कलम मिळे: कर्जापायी कैद होणार नाही. एका ओळीत काम फत्ते.

1960च्या कायद्याने दफ्तर तपासण्याचा अधिकार आला. मग अर्जांचे फोटो काढून गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे अर्ज शेजारीशेजारी ठेवले जाऊ लागले. शेजारच्या लुइझियानात एका गोऱ्या अर्जदाराने घटनेचा अर्थ लिहिला होता, ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’. भाषणस्वातंत्र्य म्हणायचं असावं. गडी पास! सर्वोच्च न्यायालयाने 1966च्या एका निकालपत्राच्या तळटीपेत हे रत्न जसंच्या तसं छापलं आहे. मिसिसिपीच्या फॉरेस्ट काउंटीत मात्र पदव्युत्तर शिक्षण झालेले कृष्णवर्णीय शिक्षक नापास होत होते.

तिथला नोंदणी अधिकारी थेरन लिंड दफ्तर दाखवायलाच तयार नव्हता. 1962 मध्ये अपील न्यायालयाने त्याला मनाई हुकूम दिला, तोही त्याने पाळला नाही. पुढच्या वर्षी अवमानाचा ठपका आला. एका अधिकाऱ्यामागे एवढी वर्षं, आणि मिसिसिपीत काउंटी 82. अखेर 1965च्या मतदान हक्क कायद्याने अशा राज्यांतली परीक्षाच थांबवली. मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी 1964 मध्ये 6.7 टक्के होती, ती 1967 पर्यंत साठाच्या घरात गेली.

फौजदारी बाजू याहून अवघड होती. जून 1964 मध्ये नेशोबा काउंटीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला, आणि आरोपींत खुद्द उपशेरीफ होता. खुनाचा खटला भरणं राज्याचं काम. राज्याने तो तेव्हा भरलाच नाही. केंद्राच्या वकिलांनी मग 1870च्या, यादवी युद्धानंतरच्या कायद्यातलं कलम काढलं: नागरी हक्क हिरावण्याचा कट. शिक्षा जास्तीत जास्त दहा वर्षं. न्यायाधीश हॅरॉल्ड कॉक्स यांनी बहुतेक आरोपींवरचा हा आरोप काढून टाकला, तो सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत मिळवावा लागला. ऑक्टोबर 1967 मध्ये मेरिडियनला खटला उभा राहिला. डोर स्वतः वकील, समोर सगळे गोरे ज्युरी. अठरापैकी सात जण दोषी ठरले, उपशेरीफ सेसिल प्राइस त्यांतला एक.

आरोपींपैकी धर्मोपदेशक एडगर रे किलेन मात्र सुटला, कारण धर्मोपदेशकाला दोषी ठरवायला ज्युरीतली एक व्यक्ती राजी होईना. राज्याच्या वकिलांनी त्याला पुन्हा कोर्टात उभं केलं ते 2005 साली. मनुष्यवधाच्या तीन आरोपांसाठी प्रत्येकी वीस, अशी साठ वर्षांची शिक्षा झाली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता.