जखम साफ झाली, पण भरली का?

बाबांना शुगर आहे. तळपायाची जखम भरेना, तेव्हा मी जाहिरातींतले आधी-नंतरचे फोटो बघत बसायचो. पण फोटो म्हणजे पुरावा नाही.

ब्रिटनमधली ‘व्हीनस २’ चाचणी घ्या. २००९ मध्ये निकाल आला. पायावर जुनाट जखमा असलेले २६७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटलेले. काहींच्या जखमेवर अळ्या सोडल्या, काहींना हायड्रोजेल लावलं. अळ्यांनी मेलेला भाग लवकर साफ केला. पण जखम भरायच्या वेळेत फरक दिसला नाही, वर दुखलं जास्त! फक्त ‘साफ झाली का’ मोजलं असतं, तर अळ्याच जिंकल्या असत्या.

आमच्याकडेही चुकीची टेस्ट पास होते नि ॲप बंद पडतं. म्हणून आता नवीन मलम दिसलं की डॉक्टरांना विचारतो: जखम पूर्ण भरली किती जणांची, आणि तुलना कशाशी केली?