मर्सी रोडचे ओक

जंगलांना माणसांची नावं कशी चिकटतात, याचा मला फार जुना नाद आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान संजय गांधींचं झालं. नागपूरच्या गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानाला 2021च्या प्रजासत्ताक दिनी बाळासाहेब ठाकरे यांचं नाव लागलं आणि ‘गोंडवाना’ नावासाठी भांडणाऱ्या आदिवासी संघटना हात चोळत राहिल्या. कर्नाळ्याला सुदैवाने लोक अजून कर्नाळाच म्हणतात. आपल्याकडची ही यादी पाहिली तर त्यात पुढारी भरपूर, एखाददुसरा शास्त्रज्ञ आणि बाकी देवदेवता. ज्याच्या हातात सत्ता नव्हती, ज्याने काही पराक्रम केला नाही, ज्याच्या वाट्याला फक्त एक वाईट रात्र आली, अशा तरुण जिवाचं नाव झाडाझुडपांना द्यायची आपली पद्धत नाही.

अमेरिकेत ती आहे. कोलोरॅडोतल्या वेस्टमिन्स्टर गावी 2012मध्ये जेसिका रिजवे या दहा वर्षांच्या मुलीचं अपहरण होऊन खून झाला. पुढच्याच वर्षी तिच्या घराजवळच्या ‘चेल्सी पार्क’ला तिचं नाव दिलं गेलं. अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. बहुतेकांची गोष्ट एका परिच्छेदात संपते: मेणबत्त्या, महापौरांचं भाषण, फीत, नवी पाटी. मी मात्र अडकून पडलो ते सॅन डिएगोजवळच्या एका दरीपाशी, आणि तिथे ओक लावत बसलेल्या एका बापापाशी.

शनिवार, 27 डिसेंबर 1986. कॅरा नॉट ही वीस वर्षांची कॉलेजात शिकणारी मुलगी. मित्र तापाने आजारी होता, त्याच्याकडे ती एस्कॉन्डिडोला गेली होती. रात्री आठच्या सुमारास निघते असा घरी फोन करून ती आपल्या पांढऱ्या बीटल गाडीने एल कहोनकडे निघाली. इंटरस्टेट 15वरून तासाभराचासुद्धा रस्ता नाही. ती पोचली नाही. बेपत्ता माणसाची तक्रार लगेच घ्यायची पद्धत तेव्हा पोलिसांत नव्हती; मोठी माणसं येतात आपली आपण, वाट बघा, असाच खाक्या. म्हणून वडील सॅम, आई जॉइस, बहिणी, मेहुणे असं सगळं घर गाड्या काढून रात्रभर महामार्गाचा एकेक फाटा धुंडाळत राहिलं. पहाटे मर्सी रोडच्या तेव्हा अर्धवट असलेल्या उताराच्या टोकाला बीटल सापडली. काच थोडी खाली, किल्ली जागेवर. कॅराचा देह जुन्या 395 हायवेच्या पुलाखाली, 65 फूट खोल दरीत मिळाला. गळा आवळून मारलं होतं.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल, टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांनी ते पुरेसं दळलं आहे. दोनच दिवसांनी एका स्थानिक वाहिनीने, रात्री एकट्या गाडी चालवणाऱ्या बायकांनी काय काळजी घ्यावी, यावर कार्यक्रम केला. सल्ला द्यायला गणवेशातला एक अधिकारी होता: कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमध्ये 13 वर्षं काढलेला क्रेग पायर. चेहऱ्यावर ताजे ओरखडे. कार्यक्रम बघून वीसेक बायकांचे फोन आले. याच माणसाने आपल्याला याच उतारावर, याच अंधारात गाडी घ्यायला लावली होती आणि कारण नसताना कितीतरी वेळ गप्पा मारत थांबवून ठेवलं होतं, असं त्या सांगत होत्या. पायर म्हणाला, ओरखडे कुंपणावर पडून आले. 15 जानेवारी 1987ला त्याला अटक झाली.

खटल्यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते त्याचं कामाचं नोंदपुस्तक. गस्तीवरचा शिपाई प्रत्येक थांबवलेल्या गाडीची वेळ लिहितो. ही वही म्हणजे त्याच्या रात्रीचा हिशेब. त्या रात्रीच्या वेळा जुळेनात, त्यात फेरफार केलेला निघाला. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या चुकांची पावती फाडायचा अधिकार, त्याने आपल्याच वहीत खाडाखोड केली. कॅराच्या कपड्यांवर सोनेरी धागा सापडला होता, पायरच्या गणवेशाच्या खांद्यावरच्या बिल्ल्याशी जुळणारा. तरीही 1988च्या फेब्रुवारीत पहिल्या खटल्यात ज्युरी 7 विरुद्ध 5 अशी फुटली. गणवेशातला माणूस असं करेल हे पाच जणांच्या गळी उतरलं नाही. दुसऱ्यांदा खटला उभा राहिला, पॉल फिंग्स्ट या सरकारी वकिलाने तो चालवला आणि 22 जून 1988ला पायर दोषी ठरला. 25 वर्षं ते जन्मठेप. कामावर असताना केलेल्या खुनासाठी शिक्षा झालेला हायवे पेट्रोलचा तो पहिला शिपाई.

इथून पुढचा सॅम नॉट कुणाला फारसा माहीत नाही. जो कँटलूप आणि लिसा पेट्रिलो यांनी 1991मध्ये या खुनावर अख्खं पुस्तक लिहिलं, ‘बॅज ऑफ बिट्रेयल’ नावाचं. पण बापाची खरी गोष्ट पुस्तक छापून झाल्यावरच लांबत गेली.

सॅमने दोन कामं अंगावर घेतली आणि मला वाटतं ती वेगळी नव्हतीच. पहिलं काम कागदाचं. बेपत्ता माणसाची तक्रार पोलिसांनी ताबडतोब नोंदवून घ्यावी, यासाठी त्याने खेटे घातले; आज कॅलिफोर्नियात तो कायदा आहे. गस्तीची गाडी या क्षणी कुठे उभी आहे हे ठाण्यात दिसत राहिलं पाहिजे, यासाठीही तो भांडत राहिला. आपल्याकडे डिलिव्हरीच्या पोराची दुचाकी मोबाइलवर गल्लीबोळातून सरकताना दिसते म्हणून ही मागणी आज साधी वाटेल. 1980च्या दशकाच्या शेवटी पोलीस खात्याला ती आपल्यावरच पाळत ठेवल्यासारखी वाटणं साहजिक होतं. अशी सोय आधीच असती तर पायरची गाडी त्या उतारावर रात्रीमागून रात्री का थांबते, हा प्रश्न कुणाला तरी खून होण्याआधी पडला असता. माझ्या मते त्या तरुण मुलीच्या नावाने झालेलं सर्वांत मोलाचं काम हेच.

दुसरं काम मातीचं. जिथे पोरगी गेली तिथे, पुलाखालच्या मोकळ्या जमिनीत, सॅमने ओक लावायला घेतले. रोपवाटिकेतून मोठी झाडं आणून एका दिवसात बाग उभी करता आली असती. पण ओकची फळं पेरून रोपं वाढवणं त्याला पसंत होतं.

या फळाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ही दरी या फळाचीच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ओढ्याकाठी जो सदाहरित ओक वाढतो, त्याचं एकॉर्न म्हणजे टोपी घातलेली लांबुळकी सुपारी. तिथल्या मूळ कुमेयाय लोकांचं ते हजारो वर्षांचं अन्न. फळ वाळवायचं, फोडायचं, पाट्यावर दळायचं. पण पीठ तसंच खाल्लं तर तोंड कडूजहर होतं; त्यात टॅनिन असतं. म्हणून पिठावरून पुन्हा पुन्हा पाणी सोडायचं, कडवटपणा निघेपर्यंत. मग त्याची घट्ट लापशी शिजते, तिला ते शावी म्हणतात. पेरायला घ्यावं तर हे फळ फार हट्टी. किडा आतून पोखरतो, खारी आणि ‘जे’ नावाचे निळे पक्षी उरलेलं पळवतात. जे रुजतं ते आधी खोल सोटमूळ सोडतं आणि मगच वर पान काढतं. बापाने रोज बघावं आणि जमिनीवर काहीच दिसू नये, असे आठवडे जात असणार.

जागेचा इतिहासही नावांनी भरलेला. शेजारून जाणारं लॉस पेन्यास्किटोस खोरं आज राखीव निसर्गक्षेत्र आहे. 1823मध्ये मेक्सिकन सरकारने सॅन डिएगो परगण्यातली पहिली जमीन इनाम दिली ती याच खोऱ्यात, फ्रान्सिस्को मारिया रुईझ या किल्ल्यावरच्या कप्तानाला. कुमेयायांनी ठेवलेली नावं त्या इनामाखाली गाडली गेली. म्हणजे कुणीतरी सत्ताधाऱ्याने नाव लावणं ही तिथलीही जुनीच रीत. खोऱ्याचं नाव नॉट कुटुंबाने बदलून मागितलं नाही. तिथल्या पुलाला राज्याने कॅराचं नाव दिलं. पण झाडांच्या बागेचं काय करायचं, इथे सॅमने जे केलं त्यामुळेच मी हा लेख लिहायला बसलो. ती बाग त्याने एकट्या कॅराची ठेवली नाही. गुन्ह्यात माणूस गमावलेल्या कुठल्याही घराने यावं, आपल्या माणसाच्या नावाने ओक लावावा, असं तिचं रूप झालं: गुन्हेगारीच्या बळींची ओकबाग.

नाव देण्यातली एक खोच इथे सुटते. एका मुलीचं नाव उद्यानाला लागतं तेव्हा शेजारच्या वस्तीत तशीच मेलेली, पण ज्या मुलीसाठी वाहिन्यांची गाडी आली नाही ती, दुसऱ्यांदा विसरली जाते. गोरी, देखणी, कॉलेजात जाणारी पोर असेल तर पाटी लवकर लागते, हे अमेरिकेत उघड गुपित आहे. आपणही त्यात मागे नाही. कुणासाठी मोर्चा निघतो आणि कुणासाठी नाही, ते जात आणि वस्ती बघून सांगता येतं. सॅमने हा युक्तिवाद कधी केला की नाही, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याने जागा मोकळी ठेवली.

अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाचा एक नियम मला फार आवडतो. माणूस जाऊन 5 वर्षं उलटल्याशिवाय डोंगराला, ओढ्याला त्याचं नाव द्यायचा प्रस्ताव ते विचारातच घेत नाहीत. रडू ओसरू द्या, मग बोला. आपल्या महापालिकांनी हा नियम उचलला तर अर्धी सर्वसाधारण सभा रिकामी होईल.

आपल्याकडे तरुण बळींची आठवण वेगळ्या वाटेने जाते. गीता आणि संजय चोप्रा ही नौदल अधिकाऱ्याची मुलं. 26 ऑगस्ट 1978ला आकाशवाणीच्या कार्यक्रमाला निघाली आणि रंगा-बिल्ला या गुन्हेगारांच्या हाती लागली. त्यांचे देह दिल्लीच्या रिजच्या जंगलात सापडले. रिजला त्यांचं नाव लागलं नाही. भारतीय बालकल्याण परिषदेने त्यांच्या नावाने मुलांसाठी शौर्य पुरस्कार सुरू केले. माझ्या पिढीने ती नावं 26 जानेवारीच्या बातम्यांत ऐकली, हत्तीवरून मिरवणारी पोरं बघत.

लैंगिक अत्याचाराच्या बळीचं तर नावच छापता येत नाही. आधी भारतीय दंड विधानाचं 228-अ कलम होतं, आता न्याय संहितेचं 72. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2018च्या निपुण सक्सेना निकालात सांगितलं की, मुलगी हयात नसली आणि घरच्यांची संमती असली तरी नाव उघड करायचं का, हे सत्र न्यायाधीशाने ठरवायचं. म्हणजे एखाद्या आईला लेकीच्या नावाने झाड लावून पाटी रोवायची असेल, तर तिला आधी कोर्टाची पायरी चढावी लागेल. हेतू चांगला आहे, बदनामीची भीती आपल्या समाजात खरी आहे. तरी ज्याने गुन्हा केला त्याचं नाव वर्तमानपत्रात राजरोस येतं आणि जिचा जीव गेला ती टोपणनावाने उरते, हे मला पटत नाही. आईला पाटी लावायची असेल तर तिचा शब्द अखेरचा असावा.

सॅम नॉट 2000च्या नोव्हेंबरअखेर गेला. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तो बागेपाशीच होता, जिथे लेक गेली तिथून काही पावलांवर. तीन वर्षांनी सरकारी वकिलांनी जुन्या प्रकरणांत डीएनए तपासणीची संधी देऊ केली. स्वतःला निर्दोष म्हणवणाऱ्या पायरने नमुना द्यायला नकार दिला. 2004मध्ये पॅरोल मंडळाने त्याला कारण विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. पॅरोल 2004, 2008 आणि 2012 असा तीनदा नाकारला गेला. तिसऱ्या वेळी पुढची 15 वर्षं दार बंद.

ओकांना आता वेगळाच शत्रू आहे. सोनेरी ठिपक्यांचा एक खोडकिडा गेली कित्येक वर्षं सॅन डिएगो परगण्यातले जुने ओक सालीखालून पोखरून मारतो आहे. मूळचा तो ॲरिझोनाचा. शेकोटीसाठी गाडीत भरून आणलेल्या लाकडातून आला असावा असं मानतात.

क्वालकॉम आणि तिच्या आसपासच्या कंपन्यांमुळे याच भागात आज कितीतरी मराठी घरं आहेत. तुमचा भाचा-पुतण्या तिथे असेल आणि उन्हाळ्यात जाणार असाल, तर समुद्र आणि प्राणिसंग्रहालय झाल्यावर इंटरस्टेट 15वरून मर्सी रोडला उतरा. आणि पोराटोरांना घेऊन डोंगरात तंबू ठोकायला निघालात, तर सरपण मुक्कामाच्या जागीच विकत घ्या, लांबून वाहून नेऊ नका.