घाट उतरायचा, तर ट्रेलर कसा हवा?

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत, मागच्या बोळात किंवा जिन्याखाली, ताडपत्री पांघरलेली एखादी फियाट अजूनही सापडते. नंबर लावून, कित्येक वर्षं वाट पाहून आजोबांनी घेतलेली. घरातल्या कुणाला ती विकवत नाही आणि कुणी चालवतही नाही. मग वाडा पुनर्विकासाला जातो, बिल्डर जागा रिकामी करण्याची तारीख देतो आणि घरातला एखादा नातू ठरवतो, की गाडी भंगारात द्यायची नाही, पुन्हा उभी करायची. गॅरेज असतं भोसरीत किंवा धायरीला. गाडीचे ब्रेक धरलेले असतात, चारही टायर बसलेले, पेट्रोलची टाकी गंजलेली. दुरुस्तीचा विचार नंतरचा, आधी ती हलवायची कशी हा प्रश्न उभा राहतो.

दोरी बांधून ओढत नेणं ही आपल्याकडची जुनी सवय. १९८९ च्या रस्ते नियमावलीनेही त्यासाठी अटी घातल्या होत्या: दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस बसलेला हवा. नाही तर तिची पुढची चाकं रस्त्यापासून वर उचललेली हवीत. वाटेत बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी हे ठीक. पण जिचे ब्रेक लागतच नाहीत, अशी गाडी दोरीने ओढणं म्हणजे स्टिअरिंगवर बसलेल्याचा जीव धोक्यात घालणं. ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढवूनच न्यायला हवी.

इथे दोन मार्ग आहेत. एक, सपाट फळ्याची रिकव्हरी व्हॅन भाड्याने घेणं. दुसरा, स्वतःचा उघडा ट्रेलर. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि ती एकदाच हलवायची आहे, त्याने ट्रेलरच्या वाटेला जाऊ नये. रिकव्हरी व्हॅन स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. ट्रेलर शोभतो तो जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजला, रॅलीत उतरणाऱ्या संघाला, किंवा ज्याच्या दारात तीन-चार जुन्या गाड्या आहेत अशा शौकिनाला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी त्यात बसते; नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. प्रीमियरच्या या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं १९७४ मध्ये, म्हणजे पहिल्या पद्मिन्याही आता या वयाला पोचल्या. अशा गाडीला साताऱ्याच्या रॅलीला स्वतःच्या चाकांवर नेण्यापेक्षा ट्रेलरवर नेणं तिच्या इंजिनालाही मानवतं.

ट्रेलर घ्यायला निघालेला माणूस आधी फळा किती लांब, रंग कोणता, रॅम्प कसा हे पाहतो. खरं तर सुरुवात वजनापासून करायला हवी. पद्मिनी साधारण ९०० किलोची, अ‍ॅम्बॅसेडर त्याहून बरीच जड. गाडी पेलणारा दोन एक्सलचा लोखंडी ट्रेलर स्वतःच ७००-८०० किलोंच्या घरात जातो. म्हणजे हलकी पद्मिनी चढवली तरी मागे १,६०० ते १,७०० किलो लागले. एक्सलची क्षमता, पाट्यांची क्षमता आणि टायरवर लिहिलेली भारक्षमता या तिन्ही गोष्टी या आकड्याच्या वर असायला हव्यात, आणि तिघांत जी सर्वांत कमी तीच ट्रेलरची खरी क्षमता. चॅनल जाडजूड आणि टायर मात्र जुन्या कारचे, हा प्रकार फॅब्रिकेशनच्या दुकानात सर्रास दिसतो.

आता ओढणारी गाडी. तिला चासी हवी, म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, डी-मॅक्स अशांपैकी कुठलीतरी. टो हुक चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने पक्का बसवलेला असावा. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हुक दिसायला तसाच असतो, पण त्याच्या भरवशावर दीड टन वजन सोडता येत नाही. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली असते, तीही ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचंच पाहा: ट्रेलरला ब्रेक असतील तर २,५०० किलो, नसतील तर फक्त ७५०. इंजिन तेच, चासी तीच. फरक सगळा ब्रेकचा.

पुणेकराला तर हा फरक फार जवळून कळायला हवा. साताऱ्याहून येताना खंबाटकी संपला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो, पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार पुढे असतोच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४८ गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं तपासात पुढे आलं. ट्रेलर लावलेल्या गाडीचं गणितही तेच आहे. मागचं वजन उतारावर गाडीला ढकलत राहतं. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात आणि ऐन वेळी पकड जाते. त्यामुळे बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, वेग इंजिनावर धरायचा आणि ब्रेक थोड्या वेळासाठी, पण नीट दाबायचा. ताशी ४० ऐवजी ८० चा वेग असेल, तर थांबताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

ट्रेलरच्या ब्रेकचे दोन प्रकार सोयीचे. ओव्हररन ब्रेकमध्ये पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे सरकून हुकजवळचा दट्ट्या दाबतो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. रचना साधी आहे, तार ओढावी लागत नाही. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत असल्याने हे ब्रेक अर्धवट लागलेले राहून तापू शकतात. इलेक्ट्रिक ब्रेकचं बटण चालकाच्या हाताशी असतं, ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावता येतात. घाटातून वारंवार जाणाऱ्याने पैसे इथेच खर्च करावेत. प्रकार कोणताही असो, दोन सेफ्टी चेन आणि ट्रेलर सुटल्यास ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल यांच्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये.

दुसरा धोका डोलण्याचा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर टेकलेला असला, तर तो सरळ मागे येतो. वजन एक्सलच्या मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि वेग वाढेल तसा डोल वाढतो. पद्मिनीचं इंजिन पुढे असतं, म्हणून ती तोंड पुढे करून चढवतात. पण अर्धवट खोललेल्या गाडीत हा हिशेब उलटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढलेले, आणि जागा वाचावी म्हणून सुटा गिअरबॉक्स, ड्रम, जुना डायनॅमो सगळं डिकीत भरलेलं! बाहेरून गाडी तीच दिसते, वजन मात्र मागे सरकलेलं असतं. सुटे भाग ओढणाऱ्या गाडीत ठेवावेत आणि पद्मिनी फळ्यावर थोडी पुढे घ्यावी. खात्री करायची तर महामार्गालगतच्या वजनकाट्यावर जावं: ट्रेलर जोडलेला असताना फक्त ओढणारी गाडी काट्यावर उभी करायची, ट्रेलरची चाकं बाहेर ठेवायची, वजन घ्यायचं, मग ट्रेलर सोडून पुन्हा घ्यायचं. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे हुकावरचा भार. १,७०० किलोच्या ट्रेलरला तो १७० किलोंच्या आसपास यावा. चालत्या रस्त्यात डोल सुरू झालाच, तर गाडीचा ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावं आणि हाताशी इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूच लावावा.

चढवण्याच्या सोयीकडे मग वळावं. फळा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प दीड मीटरचे असतील तर चढ सुमारे २४ अंशांचा होतो. मागे लांब डिकी असलेल्या कॉन्टेसाचं बूड त्यावर हमखास घासतं. अडीच मीटरच्या रॅम्पने तोच चढ १४ अंशांवर येतो. गाडी माणसांनी ढकलून चढवू नये, एकाचा पाय घसरला की सगळं वजन मागे येतं. पुढच्या बाजूला हाताने फिरवायचं विंच किंवा चेन ब्लॉक बसवावा आणि त्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या दुप्पट धरावी. धरलेल्या ब्रेकवर तोडगा गॅरेजवाल्यांना माहीत असतो: अ‍ॅडजस्टर सैल करायचा, ड्रमला कडेने हातोडीचे हलके ठोके द्यायचे. चार सुस्थितीतली, त्याच बोल्टांची चाकं सोबत नेली तर निम्मं काम होतं. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरलं तर अशी चाकंही मिळून जातात.

बांधणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. फियाटला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते, आणि इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा फ्लोअर गंजाने पापडासारखा झालेला असतो. तिथे हुक अडकवून बेल्ट आवळला की पत्रा फाटतो आणि बेल्ट सैल पडतो. म्हणून बेल्ट चाकांवरून घ्यावेत: रॅचेट लावलेला पट्टा टायरला वळसा घालून फळ्याच्या कड्यांना, चारही चाकांना स्वतंत्र. यात गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलते, पण चाकं जागची हलत नाहीत. जीपसारख्या चासीच्या गाडीला एक्सलला बांधता येतं. निघाल्यावर पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक रॅचेट पुन्हा तपासावा, कारण पट्टे सुरुवातीला थोडे सैलावतातच.

कागदपत्रांचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या नजरेत ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो, मग शहरात एमएच-१२ असो वा पिंपरी-चिंचवडचा एमएच-१४. रचनेला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते आणि या बाबतीत पुणेकर नशीबवान. वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी या अशा दोन संस्था जवळच आहेत. ट्रेलर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा नको, मंजुरीच्या कागदाचा हवा. ब्रेकचे आणि वळणाचे दिवे, मागे लाल व बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी, आणि विम्यात ट्रेलरची नोंद, एवढं तरी झालंच पाहिजे.

विकत घेतल्यावर तो ठेवायचा कुठे, हे सोसायटीच्या सचिवांना आधीच विचारून ठेवलेलं बरं. ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभाच असतो, आणि उन्हात उभ्या टायरचं रबर नक्षी शाबूत असतानाही कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. पावसाळ्यात हबमध्ये पाणी गेलं असेल तर ग्रीस पांढरट दिसतं, तेव्हा दसऱ्याला गाडीला हार घालताना ट्रेलरची चारही बेअरिंगं उघडून पाहावीत.